राहात्याचं स्थळ

विमानाची शिडी किती पायऱ्यांची आहे, ते आप्पासाहेबांनी दिल्लीला चढतानाच मोजून घेतलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पुतण्याच्या मांडीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सतरा. ध्यानात ठेव. मुंबईला हीच शिडी असंल असं न्हाई, पन एखाद-दुसरीचाच फरक पडंल. मी म्होरं असनार. शेवटची पायरी आली का मी खोकनार. खोकलो का तुझं पाऊल जमिनीवर."

"आन् आई?" गोरक्षनं विचारलं.

"वहिनी मागं. तुझ्या कोटाचं टोक धरून. बघणाऱ्याला वाटंल, म्हातारी भ्याली."

म्हातारी शेहेचाळीस वर्षांची होती. ती खिडकीशी बसली होती आणि खरोखरच भ्याली होती, पण विमानाला नाही. भागूबाई उभ्या जन्मात सोनईहून नगरला, नगरहून फार तर पुण्याला गेलेली. पंधरा दिवसांपूर्वी दिराबरोबर दोन रात्री आगगाडीत काढून ती दिल्लीच्या लष्करी इस्पितळात आली, तेव्हा कॉटवर बसलेल्या आपल्या लेकानं दुसऱ्याच बाजूला तोंड करून "आई आली का?" असं विचारलं होतं. लढाई संपून महिना होऊन गेल्यावर, राजस्थानच्या सरहद्दीवर पेरलेले सुरुंग काढताना एक फुटला होता. हातपाय शाबूत राहिले. दोन्ही डोळे गेले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आता काही होण्यासारखं नाही; आणि डोक्याला मार आहे, तेव्हा दोन रात्री गाडीचे हादरे देत नेऊ नका. म्हणून हे विमान.

पण गावाकडं आप्पासाहेबांनी वेगळंच कळवलं होतं. एका डोळ्याला इजा झाली आहे, चष्मा लागेल, बाकी प्रकृती ठणठणीत. कारण गेल्या वैशाखात गोरक्ष रजेवर आला असताना राहात्याच्या कानिफनाथ गाडेकरांच्या द्वारकेशी त्याचा साखरपुडा झाला होता आणि लग्नाची तिथी आता चार आठवड्यांवर आली होती. आप्पासाहेबांचा हिशेब सरळ होता. डॉक्टरनं उजेड वर्ज्य केलाय म्हणून सांगायचं, काळा चष्मा काढू द्यायचा नाही, अंतरपाट दूर होईपर्यंत निभावून न्यायचं. एकदा अक्षता पडल्या की पोरगी कुठं जाते?

हे सगळं घरी, आपल्या माणसांत करायचं होतं. पण आज सकाळी, दिल्लीत ते जिथं उतरले होते तिथं, आप्पासाहेबांच्या साखर कारखान्याच्या कचेरीतून ट्रंक कॉल आला. गाडेकर मोसंबीच्या व्यवहारासाठी मुंबईलाच आहेत. जावयाला घ्यायला स्वतः मोटार घेऊन विमानतळावर येतायत. तेव्हापासून आप्पासाहेबांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

विमान धावायला लागलं तसा गोरक्षनं आईचा हात चाचपून धरला. जमीन सुटल्याचं दोघांनाही पोटात कळलं. कान गच्च झाले. पुष्कळ वेळ गेल्यावर तो म्हणाला, "आई, काय दिसतंय?"

"काई न्हाई रं. धुरळा."

"तसं नको. नीट सांग. गाडेकर इचारतील ना, इमानातून काय दिसलं म्हनून. मला सांगता आलं पायजे."

भागूबाईनं काचेला कपाळ लावलं. "पंखाच्या टोकाला ऊन पडलंय. लई चकाकतंय, डोळं दिपत्यात." ती थबकली. तो म्हणाला, "सांग, सांग." मग ती सांगत गेली. पंखावर खिळ्यांच्या ओळी आहेत. खाली शेतं आहेत, गोधडीच्या ठिगळासारखी, पण हिरवं ठिगळ कुठंच नाही, सगळं करपलेलं. एक नदी गेली, रुंद, पाणी एका कडेला धरलेलं, बाकी वाळू. ढगाची सावली माळावरून चाललीय.

गोरक्ष ओठ हलवत होता. धडा पाठ करावा तसा त्यानं तो सगळा देखावा पुन्हा एकदा म्हणून दाखवला आणि विचारलं, "बराबर?"

"बराबर," ती म्हणाली.

आप्पासाहेब उठले. आधी कोणाला उतरवतात, पुढच्या दारानं की मागच्या, याची चौकशी करायला ते पुढं गेले आणि तिथंच कुणा खादीवाल्या ओळखीच्या माणसाशी बोलत राहिले. तेवढ्यात साडी नेसलेली एक मुलगी हातात तबक घेऊन आली. तबकात गोळ्या आणि कापसाचे बोळे होते. तिनं ते गोरक्षपुढं धरलं. तो समोर बघत राहिला. तिनं जरा पुढं केलं. मग तिच्या ध्यानात आलं. काही न बोलता तिनं दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि भागूबाईला म्हणाली, "मावशी, कानात कापूस घाला, बरं वाटेल."

मराठी ऐकून गोरक्षनं मान वर केली. "ताई, तुमी आपल्याकडच्या?"

"हो. दादरची."

"एक काम कराल? कागद वाचून दाखवाल?" त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. द्वारकेचं पत्र. चार दिवसांपूर्वी इस्पितळात आलं होतं. आप्पासाहेबांनी वाचून दाखवलं होतं, पण घाईत, आणि ते त्याला परत ऐकायचं होतं. मनासारखं, सावकाश. आईला अक्षर येत नव्हतं.

मुलगी आप्पासाहेबांच्या रिकाम्या खुर्चीच्या कडेवर टेकली आणि वाचू लागली. पहिलं सगळं ओळखीचं निघालं. मोसंबीच्या बागेला यंदा पाणी पुरत नाही. दादा, म्हणजे तिचे वडील, विहीर आणखी खोल करतायत. धाकट्याला गोवर येऊन गेला. मग ती मुलगी वाचता वाचता हळू झाली.

"'घरात मला कोणी धड सांगत नाही. तुमच्या आप्पासाहेबांनी एका डोळ्याचं लिहिलं आहे. पण तुमचं पत्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अक्षरात येतं, म्हणून विचारते. दोन्ही डोळ्यांचं असलं तरी मला कळवा. काय ते मी माझ्या मनानं ठरवीन. पण ते तुमच्याकडून कळू द्या. दुसऱ्या कुणाकडून नको. वाट बघते.'"

मुलगी थांबली. गोरक्षनं हात पुढं केला आणि तिनं पत्र त्याच्या हातात दिलं.

"हे आप्पांनी वाचलं न्हवतं," तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

मुलीनं एकदा भागूबाईकडं पाहिलं. "उत्तर लिहायचं असेल तर मी लिहून घेते. कागद आहे माझ्याकडे. मुंबईला उतरल्यावर मीच टाकीन पेटीत."

"लिव्ह रं," भागूबाई पटकन म्हणाली. "गोरक्ष, लिव्हून घे. दोनच वळी."

गोरक्षनं पत्राची घडी घातली. पहिल्या घड्यांवरच, बोटांनी चाचपत, बरोबर. "नको ताई," तो म्हणाला. "लई उपकार झाले."

ती गेल्यावर भागूबाई त्याच्याकडं वळली. "पोरीनं तोंडानं इचारलंय, बाबा."

"आन् मी सांगितल्यावर ती न्हाई म्हनली, मंग?"

"मंग न्हाई."

"तुला सोपं हाय." त्याचा आवाज दबलेलाच होता. "दीड महिना मी त्या कॉटवर पडून काय करत हुतो, ठाऊक हाय? साखरपुड्याला ती पाट उचलून न्यायला आल्ती तेवा मी तिला पाह्यलं. तेवढंच. डोळ्यांत तेवढंच ऱ्हायलंय, आई. तेच काढून काढून बघतो. ती घरात आली तर मी जगंन. न्हाई आली तर मला त्या रानातच ऱ्हाऊ द्यायचं हुतं. आप्पाला काई बोलू नको. मला ती पायजे, कशी का मिळंना."

भागूबाईला एकदम कांद्याचा वास आला. तीस वर्षांपूर्वीचा.

ती बोहल्यावर उभी होती, सोळा वर्षांची, आणि अंतरपाटाच्या पलीकडून कांद्याचा उग्र वास येत होता. स्वयंपाकाकडून येत असेल, असं तिला वाटलं. पाचव्या दिवशी नवरा, सूर्यभान, जेवता जेवता ताटावर कोसळला, डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला, तेव्हा धाकटा दीर धावत आला आणि त्यानं फोडलेला कांदा भावाच्या नाकाशी धरला. तेव्हा तिला तो वास कळला. लग्न लागताना आप्पा नवरदेवाच्या पाठीशी उभा होता, कांदा रुमालात बांधून. नवरदेवाला फेफरं येतं, हे सगळ्या वऱ्हाडात तिच्याच माणसांना तेवढं ठाऊक नव्हतं. तिचा बाप त्या दुःखानं दोन वर्षांत गेला. सूर्यभान वाईट नव्हता. पण तेरा वर्षं ती त्याच्यामागं सावलीसारखी फिरली आणि एक दुपार फिरली नाही, त्या दुपारी तो मोटेच्या विहिरीत गेला. गोरक्ष सहा वर्षांचा होता.

आप्पासाहेब परत येऊन बसले. "पुढच्या दारानं. आपुन शेवटी उतरायचं, गर्दी सरल्यावर."

"भावजी," भागूबाई म्हणाली, "गाडेकरास्नी खरं सांगून टाकू."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "दिल्लीत तुमी व्हय म्हनल्या हुत्या."

"म्हनले हुते. आता न्हाई म्हनते."

"वहिनी, तुमी किती वर्सं पुरनार याला? धा? पंधरा? तुमच्या मागं कोन? आमच्या मंडळीचा, रंगुबाईचा, सभाव तुमाला ठाऊक. दोन रोज करंल, तिसऱ्या दिशी ताट आपटंल. बायको असली तर ती मरस्तोवर करती. तुमी न्हाई केलं?"

"केलं."

"मंग?"

"मला कुनी इचारलं न्हवतं, भावजी. रुमालात कांदा तुमी धरला हुता."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. क्षणभर ते अठरा वर्षांचेच दिसले. मग त्यांनी पट्टा आवळला. "वडील म्हनले, धर. मी धरला," ते म्हणाले. "तुमी तवा घरात आला न्हसता तर दादा दोन सालसुद्धा जगला न्हसता. गोरक्ष जलमला न्हसता. आता तुमी त्याची सोयरीक मोडायला निघाल्या."

"आई," मधल्या खुर्चीतून गोरक्ष म्हणाला, "तुझी शपथ घालतो."

विमान खाली यायला लागलं. कानांत भाले शिरावेत तसं झालं. भागूबाईनं कापूस हातातच धरून ठेवला.

सांताक्रूझला शिडी पंधरा पायऱ्यांची निघाली. आप्पासाहेब वेळेवर खोकले आणि गोरक्षनं पाऊल जमिनीवर टेकलं ते इतकं सहज, की भागूबाईला मागून बघतानासुद्धा वाटावं, याला दिसतंय. फौजेत शिकलेली ताठ चाल होती. आप्पासाहेब त्याच्या डाव्या अंगाला चालत होते आणि अखंड बोलत होते, उकाड्याबद्दल, समुद्राच्या वाऱ्याबद्दल. तो आवाजाला धरून चालत होता.

कठड्यापाशी कानिफनाथ गाडेकर उभे होते. आडवा बांधा, लाल फेटा, दोन्ही हातांत हार. शेजारी त्यांचा ड्रायव्हर छगन. गाडेकरांचे डोळे आधीच भरलेले होते. "या, या, जवान! झाला का परवास?"

"झकास झाला," गोरक्ष म्हणाला. आवाजाच्या रोखानं त्यानं तोंड नेमकं फिरवलं. "पंखाच्या टोकाला ऊन असं चकाकत हुतं का डोळं दिपावेत. खाली शेतं गोधडीवानी. पन समदं करपलंय. एक नदी लागली, रुंद, पर पानी एका कडंला."

भागूबाई स्वतःचे शब्द त्याच्या तोंडून ऐकत उभी राहिली.

गाडेकर मोठ्यानं हसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखे. "आप्पासाहेब, आवो मंग डोळ्याला काय झालंय! आमची द्वारकी उगंच महिनाभर रडती. म्हनती, दादा, तुमी नीट बघून या. आता सांगतो जाऊन तिला, माझ्यापरीस लांबचं दिसतंय नवरदेवाला!"

"पाव्हणं," भागूबाई म्हणाली.

"वहिनी, चला, ऊन लागतंय," आप्पासाहेब म्हणाले.

"पाव्हणं, माझ्या लेकाला दिसत न्हाई. एका न्हाई, दोन्ही डोळ्यांनी. नदी मी सांगितली त्याला."

गाडेकरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. काढून घ्यायचं त्यांना सुचेना. "काय म्हनता, ईनबाई?"

"प्रवासानं भंजाळल्यात त्या," आप्पासाहेब म्हणाले. "डॉक्टरांचं इंग्रजी, ह्यास्नी काय कळतंय? मी सांगतो तुमास्नी..."

गाडेकरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते गोरक्षच्या पुढ्यात आले. "जावईबापू, तुमीच सांगा. माझ्या हातात काय हाय?"

गोरक्षच्या नाकपुड्या किंचित फुलल्या. "हार," तो म्हणाला.

"कशाचा?"

"निशिगंधाचा."

गाडेकरांनी सुटकेचा श्वास घेतला. ते भागूबाईकडं वळले, जरा रागानंच. "अवं बाई—"

तिनं पुढं होऊन लेकाचा काळा चष्मा काढला.

तिथं दोन लालसर, शिवलेल्या खाचा होत्या. भर दुपारचं ऊन थेट तोंडावर आलं आणि गोरक्षनं पापणीसुद्धा हलवली नाही, कारण हलवायला ती नव्हती. तो हात पुढं करून चष्मा शोधत राहिला. "आई, दे," तो म्हणाला. "आई. दे तो." शेजारून जाणारी एक बाई थबकली आणि भराभर पुढं गेली. छगननं तोंड फिरवलं.

भागूबाईनं चष्मा त्याच्या हातात ठेवला.

गाडेकरांनी तो हार गोरक्षच्या गळ्यात घातला. "देशापायी गेलं हे, त्याला माझा दंडवत," ते म्हणाले. "पन पोर माझी हाय. तिला मी सांगनार. छगन, ह्यास्नी सोनईला पोचव. मी रेल्वेनं येतो."

"मी तुमच्यासंगं येतो," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. जाता जाता ते वहिनीपाशी थांबले. "तीस वर्सांचा कांदा आज माझ्या पुतन्याच्या नाकाशी धरलात," ते म्हणाले आणि गाडेकरांच्या मागोमाग गेले.

मोटारीत गोरक्ष पुढं छगनशेजारी बसला. पुणं गेलं, नगर गेलं. त्यानं एकदाही मागं मान वळवली नाही. गळ्यातला हार त्यानं वाटेत कधीतरी काढून खिडकीबाहेर टाकला.

नवव्या दिवशी गाडेकर एकटेच सोनईला आले. आप्पासाहेब कारखान्यावर गेले होते. गाडेकर घरात न शिरता आधी मळ्याकडं वळले. भागूबाई पाटाच्या कडेला उभी राहून कडवळाच्या चाऱ्याचा भारा बांधत होती. पाटाला पाणी नव्हतं. ती भारा सोडून पदर सावरत उभी राहिली.

"ईनबाई, सांगायला मीच आलो. माझं मन न्हवतंच," ते म्हणाले. "पन खरं सांगू? ती तयार हुती."

भागूबाईला कळेना.

"द्वारकी. मी सांगितल्यावर ती रडली न्हाई. एकच बोलली, हे कुनी सांगितलं तुमाला? मी म्हनलो, त्याच्या आईनं. ती म्हनली, आन् ते काय म्हनले? मी तरी तिच्यापासनं काय लपवू? म्हनलो, त्यो तर मला हार वळखून दावत हुता. सांजच्याला म्हनाली, दादा, मी कागद लिव्हून इचारलं हुतं त्यास्नी. त्यांनी सांगितलं असतं तर मी आले असते. आता न्हाई." गाडेकरांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "त्यानं दोन वळी लिव्हल्या असत्या, तर मला तिला अडवता आलं न्हसतं."

ते चहा न घेता गेले. भागूबाई तिथंच बसली. उन्हं कलली तेव्हा तिनं भारा डोक्यावर घेतला आणि घरी आली.

गोरक्ष पडवीत बाजेवर पडला होता. नऊ दिवसांत तो आईशी एक अक्षर बोलला नव्हता. काही लागलं तर चुलतीला हाक मारायचा, आणि रंगुबाई सात हाकांनंतर यायची. भाऱ्याचा आवाज ऐकून तो उठून बसला. "मोटार वाजली. गाडेकर आल्ते. काय म्हनले?"

"मोडलं म्हनले."

"कुनी मोडलं? ती न्हाई म्हनली?"

भागूबाई उंबऱ्याशी टेकली. त्याचा चेहरा तिच्या बाजूला वळलेला होता, कान टवकारल्यासारखा. दादरच्या मुलीनं कागद पुढं केला होता, आणि त्यानं पत्राची घडी किती नीट घातली होती, ते तिला दिसत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "पोरीला कुनी इचारलंच न्हाई. बापानं मोडलं. माझं ऐकून."

"म्हंजे तू गप ऱ्हायली असतीस तर ती आली असती."

"व्हय."

"तुझ्यामुळं गेली."

"व्हय," भागूबाई म्हणाली. "माझ्यामुळं."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "यापुढं माझं ताट तू आनायचं न्हाई," तो म्हणाला.

भागूबाईनं उठून रंगुबाईला हाक मारली, आणि ती येईना तेव्हा पुन्हा मारली.